अल्प शक्तीची बिनतारी



पूर्वीं घरोघरीं असणारा तारेचा विजेचा दिवा चाळीस किंवा साठ वॅट वीज खात असे, आणि सायकलीच्या चाकास घासून फिरणारें दिव्याचें यंत्र कशीबशी तीन वॅट वीज निर्माण करतें. हीं दोन मापें आपण ध्यानांत ठेवावीं. कारण आज जी हकीगत मी सांगणार आहें ती याहूनहि थोड्या विजेची आहे. १९५७ सालच्या आक्टोबर महिन्याच्या ४ तारखेस रशियानें पृथ्वीभोंवतीं पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्याच्या पोटांतील प्रक्षेपकाची शक्ति अवघी एक वॅट होती. तरीहि त्याची तुटक तुटक शीळ शेंकडों मैलांवरून, घरच्या घरीं बांधलेल्या यंत्रांवरसुद्धां, हौशी मंडळींनीं स्पष्ट ऐकली. सायकलीच्या दिव्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या विजेनें हें कसें साधलें, हें समजून घ्यावयाचें म्हणजे अर्ध्या शतकाचा इतिहास उलगडावा लागतो.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केलेला बरा. इंग्रजींत ज्याला अँप्लिफायर म्हणतात त्यास आपण विवर्धक म्हणूं. गणेशोत्सवाच्या मंडपांत वक्त्याचा आवाज मोठा करणारें यंत्र हा एक विवर्धक झाला. पण तो ध्वनीचा विवर्धक होय. त्यांतून जाणारीं कंपनें सेकंदास कांहीं शतें किंवा कांहीं हजार असतात. बिनतारीच्या लहरी सेकंदास लाखों, कोट्यवधि वेळां कंप पावतात, आणि त्या लहरींचाच जोर त्यांचा ध्वनि होण्यापूर्वीं वाढविणारें जें यंत्र, तें निराळें आणि करावयास फार अवघड. तें लहान आकारांत आणि थोड्या विजेवर चालेल असें करणें याहूनहि अवघड. आपला आजचा विषय हाच.

आरंभींच्या काळांत असा विवर्धक मुळीं नव्हताच. १२ डिसेंबर १९०१ रोजीं मार्कोनीनें इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतांतून निघालेली खूण अटलांटिक महासागरापलीकडे न्यूफाउंडलंड येथें कानाला लावलेल्या यंत्रांत ऐकली, तेव्हां ऐकणाऱ्यापाशीं आलेल्या लहरीचा जोर वाढविण्याचें कोणतेंच साधन नव्हतें. त्यामुळें सारा भार बोलणाऱ्यावर पडे. दूर ऐकूं जावयास पाहिजे असेल तर अधिक मोठ्यानें ओरडा, हा एकच मार्ग. यांतूनच प्रचंड यंत्रांची चढाओढ सुरू झाली. १९२६ सालीं इंग्लंडांत रग्बी येथें उघडलेल्या केंद्राला आठशें वीस फूट उंचीचे बारा मनोरे होते, आणि त्याची शक्ति शेंकडों किलोवॅट होती. त्या काळच्या लेखकांनीं अशा केंद्रांची वर्णनें मोठ्या भक्तिभावानें लिहिलीं आहेत. माझ्या मतें खरा चमत्कार मात्र तेथें घडतच नव्हता. तो हातभर लांबीच्या लांकडी फळीवर, कांचेच्या एका नळींत घडत होता.

१९०४ सालीं फ्लेमिंग यांनीं कांचेच्या निर्वात नळींत तापलेला तंतु आणि त्यासमोर धातूची पट्टी ठेवून विजेला एकाच दिशेनें जाऊं देणारी नळी केली. १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं त्या दोहोंच्या मध्यें तारेची एक बारीक जाळी बसविली. जाळीवर किंचित् दाब बदलला कीं पट्टीकडे जाणारा मोठा प्रवाह त्याप्रमाणें कमीजास्त होई. पाटाच्या तोंडाशीं बसविलेली लहानशी फळी एका बोटानें हलवावी आणि शेताला जाणारें सारें पाणी वळावें, तसा हा प्रकार. गंमत अशी कीं, आपली नळी कां चालते हें खुद्द डी फॉरेस्ट यांना नीट उमगलें नव्हतें. नळींत थोडा वायु शिल्लक असलाच पाहिजे अशी त्यांची समजूत होती. नळी जितकी अधिक निर्वात तितकी ती अधिक चांगली, हें दुसऱ्यांनीं दाखवून दिलें.

त्या नळीचें मर्म उलगडणारा तरुण होता एडविन आर्मस्ट्राँग. तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकत होता. १९१२ सालीं त्यानें अशी युक्ति काढली कीं, पट्टीच्या बाजूस जोर वाढून आलेल्या लहरीचा थोडा भाग पुन्हां जाळीकडे वळवावा. तो भाग पुन्हां वाढतो, पुन्हां वळतो, पुन्हां वाढतो. एकाच नळींत शेंकडों पट वाढ होऊं लागली. आणि वळविलेला भाग एका मर्यादेबाहेर गेला कीं नळी स्वतःच अखंड कंपनें निर्माण करूं लागते. म्हणजे तीच नळी प्रक्षेपकहि होते! वडिलांनीं पेटंटासाठीं पैसे देण्याचें नाकारलें, म्हणून या विद्यार्थ्यानें ३१ जानेवारी १९१३ रोजीं आपल्या आकृतीवर नोटरीचा शिक्का मारून घेतला. हीच युक्ति आपणांस आधीं सुचली होती असा दावा डी फॉरेस्ट यांनीं लावला, आणि तो वाद १९३४ सालापर्यंत न्यायालयांत चालला. शेवटचा निकाल डी फॉरेस्ट यांच्या बाजूनें झाला. आर्मस्ट्राँग यांनीं पूर्वीं या शोधाबद्दल मिळालेलें सुवर्णपदक रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेस परत करूं पाहिलें, तेव्हां संस्थेनें तें परत घेण्याचें साफ नाकारलें. कायद्याच्या निवाड्याहून समव्यवसायी लोकांचा निवाडा वेगळा असूं शकतो, तो असा.

पण जी युक्ति वरदान ठरली तीच विवर्धक बांधणारांच्या मार्गांत रोग होऊन बसली. नळीच्या आंत जाळी आणि पट्टी एकमेकींच्या इतक्या जवळ असतात कीं, त्वरित कंपनांच्या लहरी तारेशिवायच पट्टीकडून जाळीकडे झिरपतात. मग विवर्धक विवर्धक राहात नाहीं. तो आपणहून शिट्ट्या घालूं लागतो. आणि एरियलला जोडलेला असला तर शेजारपाजारच्या सर्वांच्या ऐकण्याचा विचका करतो. १९२३ सालीं हॅझेल्टाइन या प्राध्यापकांनीं यावर तोड काढली. जितकी लहर झिरपते तितकीच उलट दिशेची लहर मुद्दाम पोंचवावी, म्हणजे दोहोंची वजाबाकी होते. ही तोड नामी होती, पण प्रत्येक यंत्र हातानें जुळवावें लागे. मूळ दुखणें नळीच्या आंतच बरें करावें म्हणून जर्मनींत शॉट्की यांनीं पहिल्या महायुद्धाच्या काळांत आणि अमेरिकेंत हल यांनीं १९२६ च्या सुमारास जाळी व पट्टी यांच्यामध्यें दुसरी जाळी, एक प्रकारचा पडदाच, बसविला. झिरपणें शेंकडों पटींनीं कमी झालें. हॉलंडांत टेलेगेन यांनीं त्याच सुमारास आणखी तिसरी जाळी घातली. या पांच अंगांच्या नळीपासून खऱ्या अर्थानें आटोपशीर विवर्धकाचें युग सुरू झालें. चार नळ्यांचें काम आतां दोन नळ्या करूं लागल्या.

इकडे लहरींच्या लांबीबद्दलहि मोठाच उलटफेर झाला होता. अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्यानें हौशी लोकांना दोनशें मीटरांहून आखूड लहरी देऊन टाकल्या; कारण त्या कुचकामी आहेत असें तज्ज्ञांचें मत होतें. टाकाऊ म्हणून दिलेल्या या जमिनींत सोनें निघालें. १९२३ च्या नोव्हेंबरांत फ्रान्समधील एका हौशी गृहस्थानें अमेरिकेंतील दोघांशीं सुमारें शंभर मीटरांच्या लहरींवर दुतर्फा संभाषण केलें. पुढच्याच वर्षीं, १८ आक्टोबर १९२४ रोजीं, लंडनच्या मिल हिल या शाळेंत शिकणारा अठरा वर्षांचा एक मुलगा न्यूझीलंडमधील शेतकरी फ्रँक बेल याच्याशीं बिनतारीनें बोलला. पृथ्वीच्या पाठीवर याहून दूरचा माणूस त्याला शोधूनहि सांपडला नसता. त्या मुलाचें नांव सेसिल गॉयडर.

हें नांव मी मुद्दाम घेतलें. हेच गॉयडर १९३६ सालीं ऑल इंडिया रेडिओचे मुख्य अभियंते होऊन आपल्या देशांत आले. येवढा अफाट मुलुख मध्यम लहरींच्या थोड्या केंद्रांनीं झांकणें अशक्य आहे, आखूड लहरींचाच आश्रय केला पाहिजे, या धोरणानें १९३७–३८ मध्यें दिल्ली, मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथें आखूड लहरींचे प्रक्षेपक उभे राहिले. शाळेच्या खोलींत जें ज्ञान मिळालें तें आपल्या उपयोगीं पडलें. त्याआधीं १९२७ सालापासून पुण्याजवळ खडकी येथून विलायतेशीं सुरू झालेली बिनतारी तारसेवाहि आखूड लहरींचीच होती. तिचें ग्राहक केंद्र दौंड येथें होतें.

आतां प्रक्षेपकाच्या अंगानें पाहूं. नळीला पुरविलेल्या विजेपैकीं एरियलकडे किती जाते आणि उष्णता होऊन वायां किती जाते, हा लहान यंत्रांत जीवनमरणाचा प्रश्न असतो. मोठ्या केंद्राला पाण्यानें नळ्या थंड करतां येतात. पेटींतल्या यंत्रानें काय करावें? यावरची युक्ति मोठी सुंदर आहे. बागेंतल्या झोपाळ्यावर मूल बसलें असतां आई त्याला सबंध वेळ ढकलीत नाहीं. झोका मागें आला कीं नेमक्या क्षणीं एक हलका धक्का देते, बाकीचा झोका तो आपणच पुरा करतो. त्याचप्रमाणें नळीला प्रत्येक कंपनाच्या थोड्याशाच अंशांत प्रवाह वाहूं द्यावयाचा आणि उरलेलें कंपन तारेचें वेटोळें व धारक यांच्या जोडीनें पुरें करावयाचें. अशा रीतीनें दिलेल्या विजेपैकीं जवळजवळ पाऊण हिस्सा कामास येतो. कंपनाचा ताल ढळूं नये म्हणून त्यास गारेच्या स्फटिकाच्या पातळ चकतीचा आधार देतात. ती चकती आपल्या जाडीप्रमाणें एकाच ठरावीक गतीनें कंप पावते. एक नळी स्फटिकाच्या तालावर कंपनें निर्माण करणारी आणि दुसरी त्यांचा जोर वाढविणारी, इतकें असलें कीं प्रक्षेपक झाला.

नेमका असा दोन नळ्यांचा प्रक्षेपक दुसऱ्या महायुद्धांत इंग्रजांच्या गुप्त कार्याच्या खात्यानें प्रवासी पेटींत बसविला. जॉन ब्राउन या अभियंत्यानें योजलेल्या त्या संचांत ग्राहक यंत्र, प्रक्षेपक आणि वीज पुरविणारा भाग मिळून वजन तीस पौंडांच्या थोडें वर जाई, आणि एरियलकडे सुमारें वीस वॅट शक्ति पोंचे. वजनाचा मोठा वांटा नळ्यांचा नसून वीज पुरविणाऱ्या भागाचा, त्यांतल्या लोखंड-तांब्याचा असे. घरांतल्या विजेवर आणि मोटारीच्या बॅटरीवर, दोहोंवरहि तो चाले, आणि ही चैनीची गोष्ट नव्हती. जर्मन शोधपथकें प्रक्षेपकाचा माग काढीत एखाद्या आळीपर्यंत आलीं म्हणजे एकेका इमारतीची वीज तोडून पाहात. ज्या इमारतीची वीज तोडतांच खुणा थांबत, ती इमारत सांपडली! म्हणून हातीं बॅटरी असणें जरूर. थोडी शक्ति, थोडा वेळ आणि वारंवार बदललेली जागा यांवर माणसाचा जीव अवलंबून असे.

असा संच चालविण्यासाठीं १९४३ सालच्या जून महिन्यांत एक तरुणी फ्रान्सांत उतरली. तिचें नांव नूर इनायत खान. तिचे वडील इनायत खान हे बडोद्याचे. ज्यांनीं सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें बडोद्यास संगीतशाळा चालविली त्या मौलाबक्ष यांचे ते नातू. आईकडून त्यांचें घराणें टिपू सुलतानापर्यंत पोंचतें असें सांगतात. व्यापलेल्या फ्रान्सांत बिनतारी चालविण्यास पाठविलेली ही पहिली स्त्री. ती पोंचल्यावर थोड्याच दिवसांत तिच्या मंडळींची धरपकड झाली. परत बोलावणें आलें असतांहि ती राहिली. तीस पौंडांची पेटी घेऊन घरें बदलीत, खिडकींतून किंवा झाडावरून एरियलची तार सोडीत, तिनें आक्टोबरपर्यंत लंडनशीं संबंध राखला. मग फितुरीनें ती पकडली गेली. जर्मनांच्या हातीं तिचें यंत्र लागलें आणि संदेशांची वहीहि लागली. त्यांच्या आधारें त्यांनीं तिच्या नांवानें लंडनला खोटे संदेश धाडले. विवर्धकाला हात कोणाचा हें कळत नाहीं. १३ सप्टेंबर १९४४ रोजीं दाखाउ येथें तिला ठार करण्यांत आलें. तिनें आपले सोबती उघडे केले नाहींत. १९४९ सालीं तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस देण्यांत आला.

त्याच काळांत आपल्या मुंबईंतहि एक लहान प्रक्षेपक घरोघर फिरत होता. युद्ध सुरू होतांच सरकारनें हौशी लोकांचे बिनतारी परवाने रद्द केले होते. तरी १९४२ च्या ऑगस्टांत, पुढारी तुरुंगांत गेल्यावर, उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आदि तरुणांनीं काँग्रेस रेडिओ उभा केला. यंत्र बांधण्याचें काम नरीमन प्रिंटर यांनीं केलें. २७ ऑगस्ट रोजीं चौपाटीवरील एका इमारतींतून त्याचा आवाज निघाला, लहर ४२.३४ मीटरांची होती. उषाबेन त्या वेळीं बावीस वर्षांच्या होत्या. वृत्तपत्रांना जें छापण्याची मनाई होती तें येथून सांगण्यांत येई. आष्टी आणि चिमूर येथें काय घडलें हें पुष्कळांना प्रथम या रेडिओवरून कळलें. चौपाटी, लॅबर्नम रोड, गिरगांवांतील पारेखवाडी अशा जागा सारख्या बदलाव्या लागत, कारण पोलिसांच्या शोधगाड्या मागावर असत. येथें पेटीच्या आकाराला किती महत्त्व आलें असेल याचा विचार करावा. जें यंत्र दोघांना जिन्यावरून रात्रींतून उतरवतां येत नाहीं, तें कितीहि दूर ऐकूं जात असलें तरी कवडीमोल!

१२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्रीं पारेखवाडींत, वंदे मातरम् लागलें असतांना, पोलीस दार फोडून आंत शिरले. उषाबेन पुढें सांगत असत कीं, जागा दाखविली ती आंतल्याच एका तंत्रज्ञानें. म्हणजे पॅरिसांत काय आणि गिरगांवांत काय, अखेरचा घात फितुरीनें केला. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगांतून त्या १९४६ सालीं सुटल्या. तीन महिन्यांहून कमी काळ चाललेल्या या केंद्रापाशीं सरकारी केंद्राच्या मानानें शक्ति अशी नव्हतीच. पण त्याला गप्प करण्यासाठीं सरकारनें त्याच लहरीवर गोंगाट सोडला होता. लहान प्रक्षेपकाला शत्रूनें याहून मोठें प्रशस्तिपत्र तें कोणतें द्यावें?

आतां पुन्हां त्या एका वॅटकडे येऊं. बोलणारा हळू बोलत असेल तर ऐकणाऱ्याचे कान तीक्ष्ण पाहिजेत. ग्राहक यंत्रांत वाटेल तितके विवर्धक एकापुढें एक जोडून लहर कितीहि मोठी करतां येईल असें वाटतें. पण तसें होत नाहीं. १९२८ सालीं अमेरिकेंत जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनीं दाखविलें कीं, प्रत्येक विद्युत्वाहक पदार्थांत निव्वळ उष्णतेमुळें एक अखंड खसखस चालू असते. लहर त्या खसखशीच्या खालीं बुडाली कीं विवर्धक दोहोंनाहि सारखेंच मोठें करतो. १९४४ सालीं फ्रिस यांनीं याचा हिशेब पक्का मांडला: पहिल्या विवर्धकानें स्वतःची जी खसखस मिसळली, ती पुढच्या कोणत्याहि विवर्धकाला काढतां येत नाहीं. त्यामुळें एरियललगतचा पहिला, लहानसा, थोड्या विजेवर चालणारा विवर्धक हाच सर्व यंत्राचा कान ठरला, आणि अभियंत्यांची सारी हुशारी तेथें खर्च होऊं लागली.

मग ट्रांझिस्टर आला. २३ डिसेंबर १९४७ रोजीं बार्डीन आणि ब्रॅटन यांनीं जर्मेनियमच्या तुकड्यावर विवर्धन करून दाखविलें. त्याला तापलेला तंतु नको, शेंकडों व्होल्टांचा दाब नको. आरंभीं मात्र त्वरित कंपनांपुढें त्याचा दम तुटे. आंतला थर पुरेसा पातळ करावयास आणखी कांहीं वर्षें जावीं लागलीं. रशियाच्या पहिल्या उपग्रहांत म्हणूनच लहान नळ्याच होत्या. तो प्रक्षेपक लाप्पो नांवाच्या अभियंत्यानें योजला होता. त्र्याऐंशीं किलोंच्या त्या उपग्रहांत एक्कावन्न किलो नुसत्या बॅटऱ्याच होत्या, आणि तरीहि तीन आठवड्यांनीं आवाज थांबला.

अमेरिकेच्या पहिल्या उपग्रहानें, १९५८ च्या जानेवारीअखेर, वेगळा धडा शिकविला. त्यांत दोन प्रक्षेपक होते. एक साठ सहस्रांश वॅटचा आणि दुसरा दहा सहस्रांश वॅटचा. साठांचा एका महिन्यांत मुका झाला. दहांचा २३ मेपर्यंत बोलत राहिला. आणि त्याच वर्षीं १७ मार्चला गेलेला व्हॅनगार्ड तर फक्त दीड किलो वजनाचा, मोठ्या मोसंब्याएवढा गोळा होता. त्याचा बॅटरीवरचा प्रक्षेपक जूनमध्यें थांबला. दुसरा सहा लहान सौरघटांवर चाले आणि त्याची शक्ति होती पांच सहस्रांश वॅट, म्हणजे एका वॅटचा दोनशेंवा हिस्सा. जवळजवळ चार हजार किलोमीटरांच्या उंचीपर्यंत जाऊन तो बोले, आणि खालीं जमिनीवरचीं ग्राहक यंत्रें त्याची नेमकी जागा टिपून घेत. त्याच्या कंपनांची गति आंतल्या उष्णतेप्रमाणें किंचित् बदले, म्हणून तोच उष्णतामापकहि झाला. त्याच्या भ्रमणमार्गांत जे बारीक फरक दिसले, त्यांवरून १९५९ सालीं शास्त्रज्ञांनीं सांगितलें कीं, पृथ्वी ध्रुवांशीं नुसती चपटी नाहीं, ती किंचित् पेरूच्या फळासारखी एका बाजूस निमुळती आहे.

१९६४ च्या मे महिन्यांत तो आवाजहि बंद पडला. गोळा मात्र अजून पृथ्वीभोंवतीं फिरत आहे. माणसानें वर धाडलेल्या आणि अद्याप वर असलेल्या वस्तूंत तो सर्वांत जुना.